विश्लेषण : यादीत ‘सुरक्षित’, मग दौंड-शिरूरच्या नद्यांतून महाशीर गेला कुठे?

पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्रज्ञांना ज्याची पहिली ओळख झाली, तो दख्खनचा महाशीर आता आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त नाही. लोणावळ्यात तयार झालेली त्याची पिल्ले देशभर पोहोचली. कावेरीत तर तो इतका फोफावला, की तिथला मूळचा महाशीर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला. मात्र मुळा-मुठा, भीमा आणि घोड यांच्या दौंड-शिरूर पट्ट्यात या माशाला जगण्यासारखी जागा उरलेली नाही. हे असे उलटे का घडले?

यादी काय सांगते?

जगभरातील प्राणी आणि वनस्पतींच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या ‘आययूसीएन’ या संस्थेने दख्खनच्या महाशीरचा समावेश २०११ मध्ये ‘संकटग्रस्त’ गटात केला होता. २०१८ मध्ये फेरआढावा झाला आणि तो थेट ‘सर्वांत कमी चिंता’ या गटात गेला. सात वर्षांत माशाची संख्या कित्येक पटींनी वाढली, असा याचा अर्थ नाही. त्याच्या पसाऱ्याची माहिती अधिक नीट हाती आली आणि दक्षिणेतील अनेक नद्या-जलाशयांत तो टिकून असल्याचे दिसले, म्हणून गट बदलला.

ही यादी संपूर्ण प्रजातीचा विचार करते. एखाद्या नदीच्या पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यातून मासा संपला, पण दुसऱ्या राज्यात तो भरपूर असेल, तर यादीच्या दृष्टीने चिंतेचे कारण नसते. महाशीरच्या बाबतीत अडचण अशी, की तो संपलेला पट्टा त्याच्या मूळ गावचा आहे.

‘खुद्री’ हे नाव कुठून आले?

या माशाचे शास्त्रीय नाव टोर खुद्री. त्यातला ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नाही. तो इथल्या मासेमारांच्या तोंडचा आहे. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. शेती, पाऊस, लोकसंख्या यांच्या नोंदी घेता घेता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. माशांवरचे त्याचे लेखन १८३९ पासून लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नव्या माशाला नाव देताना साइक्सने बऱ्याचदा स्थानिक नावच उचलले आणि त्यापुढे कुळाचे लॅटिन नाव जोडले.

त्यामुळे भीमेच्या खोऱ्यातील मराठी शब्द आज जगभरच्या संग्रहालयांच्या बाटल्यांवर वाचायला मिळतात. नाकावर खाच असलेला ‘नुक्ता’, म्हणजे आपला नकटा, त्याला चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. ‘फुलंगी’ भीमेत पेडगावजवळ सापडला. पेडगाव म्हणजे दौंडच्या खालच्या अंगाला, श्रीगोंदा तालुक्यातील बहादूरगडाचे गाव. ‘मुसल्ला’ची नोंद शिरूरच्या घोड नदीतली, तर ‘खुद्री’ची पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतली. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या परिसरातून एवढी नावे विज्ञानात गेली, हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल? शाळेच्या पुस्तकात तर ते नाहीच. (महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केला तो पापलेट. तो समुद्रातला.)

यातला नकटा आजही ‘आययूसीएन’च्या यादीत संकटग्रस्त आहे.

कोरड्या तालुक्यातली मोठी नदी

दौंड आणि शिरूर हे पर्जन्यछायेतले तालुके. इथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. इथल्या नद्या मोठ्या दिसतात त्या सह्याद्रीच्या जिवावर. भीमाशंकरच्या डोंगरातून भीमा आणि घोड, मावळातून इंद्रायणी, मुळशी-वेल्ह्याकडून मुळा आणि मुठा असे सगळे पाणी पूर्वेकडे उतरते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, तर घोड दौंडजवळ. माळरानाला पाण्याची ददात असली तरी नदीतले डोह उन्हाळ्यातही भरलेले असत, ते याच कारणाने.

जगातल्या कोरड्या प्रदेशांत मासे असेच जगतात. आजूबाजूला वाळवंट आणि डोंगरातून येणाऱ्या एखाद्या प्रवाहात किंवा झऱ्यात त्यांचे सगळे जग. तो प्रवाह तुटला की माशाला दुसरीकडे जाण्याची वाट नसते. दौंड हे अर्थातच वाळवंट नाही. पण इथल्या माशाचा जीवही शंभर किलोमीटर वरच्या डोंगरातून येणाऱ्या पाण्याशीच बांधलेला आहे. फरक एवढाच, की ते पाणी कधी आणि किती यायचे हे आता पाऊस ठरवत नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ते ठरते.

महाशीरला नेमके काय लागते?

महाशीर हा मोठा, जाड खवल्यांचा, प्रवाहाविरुद्ध पोहण्यात पटाईत असलेला मासा. मराठीत त्याला खडस, खडची असेही म्हणतात. उन्हाळ्यात तो खोल डोहात थांबतो. पावसाळ्यात पाणी चढले की विणीसाठी वरच्या अंगाला, उथळ आणि गोट्या-वाळूच्या तळाकडे निघतो. रोहू-कटल्याच्या तुलनेत त्याची अंडी कमी आणि आकाराने मोठी असतात. ती तळाला बसतात. पिल्ले बाहेर आल्यावरही काही दिवस खडीच्या फटींतच दडून राहतात.

म्हणजे त्याला डोह, मोकळा रस्ता आणि स्वच्छ खडीचा तळ या तिन्ही गोष्टी एकाच नदीत आणि एकमेकींना जोडलेल्या लागतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर असावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

आता हाच हिशेब दौंड-शिरूरच्या नद्यांना लावून पाहता येतो. मुठेवर खडकवासला धरण १८७९ मध्येच झाले. नंतर त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर आली. घोडवर डिंभे आणि खाली शिरूर तालुक्यात चिंचणीचे घोड धरण. भीमेवर चासकमान. दौंडच्या खाली १९८० मध्ये उजनी, तिचा फुगवटा तालुक्याच्या पूर्व टोकापर्यंत येतो. मधल्या पट्ट्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपता संपता त्यांना ढापे बसतात आणि नदीची एकामागोमाग एक तळी होतात. धरणाच्या भिंतीत मासे चढण्यासाठी पायऱ्यांची सोय करणे ही जगात जुनी गोष्ट आहे, पण या साखळीत तिचा विचार झाला नाही.

वाळूचे काय झाले हे दौंड-शिरूरमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. फायबर आणि सक्शन बोटी, महसूल विभागाच्या कारवाया, जिलेटिनने उडवलेल्या बोटींचे फोटो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच उपसा. बातमीत हा विषय महसूल बुडाला म्हणून येतो, फार तर पुलाचा पाया उघडा पडला म्हणून. वाळू आणि बारीक खडी हा माशाचा पाळणा आहे, ही बाजू पंचनाम्यात कधी येत नाही. उपशाने झालेले खड्डे वरून डोहासारखे वाटतात. पण त्यांच्या तळाशी गाळ साचतो, आणि गाळात अंडे गुदमरते.

पाण्याचा दर्जा

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे आकडे समजून घ्यावे लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा. सांडपाण्यातील घाण कुजवताना जिवाणू हाच प्राणवायू वापरतात. त्यांची ही गरज म्हणजे बीओडी. ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की तो पट्टा प्रदूषित धरला जातो. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक.

पुण्याचे सांडपाणी रोखण्यासाठी ‘जायका’च्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रांचा, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याच्या मुदती वाढत गेल्या. पण सगळी केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली तरी एक प्रश्न राहतोच. शुद्ध केलेले सांडपाणीही वाहत्या नदीत मिसळून विरळ होईल, हे गृहीत धरलेले असते. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या खाली मुठेत स्वतःचे पाणी जवळपास नसते. मग विरळ कशात व्हायचे? केंद्रातून बाहेर पडते तीच नदी.

दौंडकरांना हे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पुण्याचे पाणी बेबी कालव्याने तालुक्यात येते आणि उसाला मिळते. ते बंद व्हावे असे शेतकऱ्याला वाटत नाही. ते नीट शुद्ध होऊन यावे, एवढीच त्याची मागणी असते. नदीकाठच्या भोई कुटुंबांचे मात्र नदीवाचून भागत नाही. त्यांच्या जाळ्यात आज प्रामुख्याने येते ती चिलापी, आणि धरणात सोडलेले रोहू, कटला, मृगळ. चिलापी मूळची आफ्रिकेतली, बाकीचे तिघे गंगेच्या खोऱ्यातले. भीमेचे म्हणावे असे मासे त्यात थोडेच.

लोणावळ्यातील प्रयोग

महाशीर कमी होतोय हे पन्नास वर्षांपूर्वीच लक्षात आले होते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला त्यासाठी केंद्र उभारले. एस. एन. ओगले यांनी ते काम पुढे अनेक वर्षे सांभाळले. मादीच्या पोटातून अंडी काढणे, ती वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवणे, पिल्ले बोटाएवढी होईपर्यंत वाढवणे ही पद्धत इथे बसली आणि लाखोंनी पिल्ले तयार होऊ लागली. भारतातल्या मत्स्यसंवर्धनातले हे मोठे काम होते, यात वाद नाही.

ही पिल्ले महाराष्ट्राबाहेरही गेली. कर्नाटकात गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या संघटनेने कावेरीत ती सोडली. हेतू चांगलाच होता. महाशीर कमी झाला आहे, तर महाशीर सोडू.

कावेरीत काय बिघडले?

कावेरीत आधीपासून एक महाशीर होता. केशरी पंखांचा, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेल्या अशा एका माशाचे वजन १२० पौंड, म्हणजे ५४ किलो भरले होते. लोणावळ्याहून गेलेला महाशीर निळसर पंखांचा. दोघांना एकच समजले गेले.

गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्यांच्या एका तळावर १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी होत्या. संशोधकांनी २०१५ मध्ये त्या तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. निळ्या पंखांच्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती, तर उंचवट्याचा मूळ महाशीर दिसेनासा होत होता. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने केलेली मासेमारी ही कारणे तिथेही होतीच. त्यात बाहेरून आलेला तगडा स्पर्धक भर घालून गेला.

पुढचा भाग शिरूरशी जोडलेला आहे. या कावेरीच्या माशाला अनेक वर्षे टोर मुसल्ला म्हटले जात होते. ‘मुसल्ला’ म्हणजे साइक्सने घोड नदीतून नोंदवलेला मासा. २०१३ मध्ये संशोधकांनी जुन्या वर्णनाची छाननी करून दाखवले, की शिरूरचा मुसल्ला महाशीर नाहीच. तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या कुळातला. म्हणजे कावेरीतला राक्षसी मासा दुसऱ्याच्या नावावर वावरत होता आणि स्वतः बिननावाचा होता. ज्याला वैध शास्त्रीय नाव नाही त्याची यादीत नोंदही होत नाही. केरळमधून २००७ मध्ये वर्णन झालेला टोर रेमादेवी आणि हा मासा एकच आहेत, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून यादीत आला. ज्या वर्षी आपला खुद्री ‘सर्वांत कमी चिंता’ झाला, तेच हे वर्ष.

उजनीतही असा घोळ होऊन गेला आहे, फक्त उलट दिशेने. १९९२ मध्ये उजनीच्या जलाशयातून ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस नावाचा ‘नवा’ मासा जाहीर झाला. तो इथे सोडून कुठेच नाही, म्हणून त्याची विशेष काळजीही वाहिली गेली. २०११ मध्ये पुण्यातील संशोधकांनी तुलना करून सांगितले, की हा तर साइक्सने पेडगावला नोंदवलेलाच मासा आहे. नावांचा हा खेळ अभ्यासकांपुरता वाटतो खरा, पण कोणत्या पाण्यात कोणता मासा सोडायचा याचा निर्णय त्याच नावावर होतो.

अमेरिकेतली दोन उदाहरणे

ॲरिझोना हे वाळवंटी राज्य. तिथल्या व्हाइट माउंटन्समधील थंड ओढ्यांत अपाची ट्राऊट नावाचा मासा राहतो. हौशी मासेमारीसाठी बाहेरचे ब्रूक आणि ब्राऊन ट्राऊट त्याच ओढ्यांत सोडले गेले आणि अपाची ट्राऊट संपत आला. १९६७ मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला. त्यानंतर व्हाइट माउंटन अपाची जमात आणि सरकारी यंत्रणांनी मिळून केलेले मुख्य काम पिल्ले सोडण्याचे नव्हते. ओढ्यांतून बाहेरचे मासे काढले गेले. ते पुन्हा वर चढू नयेत म्हणून अडथळे बांधले गेले. स्वतःच्या बळावर टिकणारे ३० समूह तयार झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये हा मासा यादीतून बाहेर आला. म्हणजे ५७ वर्षे लागली.

दुसरे उदाहरण नेवाडाच्या वाळवंटातील ‘डेव्हिल्स होल’ या एका कुंडाचे. तिथे बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा पपफिश राहतो. शेजारच्या शेतीसाठी भूजल उपसल्याने कुंडाची पातळी उतरली आणि मासा जिथे अंडी घालतो तो खडक उघडा पडू लागला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माशापुरती पातळी राखण्यासाठी उपशावर मर्यादा घातली. न्यायालयाने शेतीवर बंदी घातली नाही. माशाला किती पाणी लागते, तो आकडा मात्र कायद्यात आला.

भारतात असा आकडा गंगेसाठी आहे. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार वरच्या गंगेत हंगामानुसार मासिक सरासरी प्रवाहाच्या २० ते ३० टक्के पाणी वाहते ठेवावे लागते. भीमा, घोड किंवा मुळा-मुठेसाठी अशी अधिसूचना नाही. आवर्तनाच्या नियोजनात पिण्याचे पाणी, सिंचन आणि उद्योग असे वाटे असतात. नदीचा वाटा नसतो.

मग दौंडला पिल्ले सोडून उपयोग होईल का?

आजच्या स्थितीत नाही. दर पावसाळ्यात धरणांत मत्स्यबीज सोडल्याच्या बातम्या येतात, फोटो येतात आणि ते सोपेही असते. खुद्री हा भीमेच्याच खोऱ्यातला मासा असल्याने तो इथे सोडण्यात कावेरीसारखा धोका नाही. पण ढाप्यांनी अडलेल्या, गाळ साचलेल्या पाण्यात सोडलेले पिल्लू जगले तरी विणीसाठी जाणार कुठे? उजनीसारख्या जलाशयात तो कदाचित मोठा होईल, पकडलाही जाईल. त्याची पुढची पिढी मात्र पुन्हा लोणावळ्याहूनच आणावी लागेल.

करण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या सगळ्याच महाग नाहीत. पहिली म्हणजे मासा अजून कुठे उरला आहे हे शोधणे. इंद्रायणीत देहूच्या डोहात श्रद्धेपोटी महाशीर राखला गेला आहे. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडलाही तसेच. भीमा-घोडच्या वरच्या अंगाला आणखी असे डोह असू शकतात. आता त्यासाठी जाळे टाकावेच लागते असे नाही. पाण्याच्या बाटलीभर नमुन्यात माशाच्या शरीरातून सुटलेला डीएनए सापडतो आणि त्यावरून तो तिथे आहे का, हे कळू शकते. देहूपासून पेडगावपर्यंत अशी तपासणी एका पावसाळ्यात होण्यासारखी आहे, आणि पुण्यात ती करू शकणाऱ्या संशोधन संस्था आहेत.

दुसरी गोष्ट वाळूची. लिलावाचे गट ठरवताना विणीच्या जागा वगळण्याचा निकष घालायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा सर्वेक्षण अहवालात तशी नोंद करता येते. त्यासाठी त्या जागा आधी कोणीतरी सांगायला हव्यात. भोई समाजातील जुन्या माणसांना त्या माहीत असतात. साइक्सनेही नावे त्यांच्याकडूनच घेतली होती.

तिसरी गोष्ट बंधाऱ्यांची. पाऊस लांबला की ढापे काढायला उशीर होतो, कारण अडवलेले पाणी सोडून द्यायचे आणि पुढे पाऊस नाही आला तर, ही भीती खरी असते. दौंडच्या शेतकऱ्याने ती अनुभवलेली आहे. त्यामुळे वेळापत्रक ठरवताना बंधारानिहाय चर्चा करावी लागेल, सरसकट आदेश चालणार नाही. पहिल्या लोंढ्याबरोबर मासा वर निघतो तो जून-जुलैत. ढापे काढण्याचे दिवसही तेच.